अरण्यांतील अपराध

चोर कोण, हा प्रश्न लहान मुलासहि सोपा वाटतो. दुसऱ्याची वस्तु त्याच्या संमतीवांचून घेणारा तो चोर. ही व्याख्या म्हणतांना आपलें सारें लक्ष ‘घेणारा’ या शब्दाकडे असतें. पोलीस, साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश यांची सर्व यातायात त्या एका शब्दापायीं चालते. त्यानें ती घेतली कीं नाहीं, केव्हां घेतली, घेतांना कोणीं पाहिलें? ‘दुसऱ्याची’ हा शब्द मात्र आपण विचार न करतां ओलांडून जातों. घड्याळ, अंगठी किंवा पैशाची थैली यांच्या बाबतींत तसें केल्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु जी वस्तु कोणीं घडविली नाहीं, कोणीं पेरली नाहीं, जी पावसाबरोबर आपोआप उगवते, ती ‘दुसऱ्याची’ केव्हां आणि कशी होते? आणि ज्या दिवशीं ती दुसऱ्याची ठरते, त्या दिवसापासून, कालपर्यंत ती सुखानें वापरणारा मनुष्य चोर होतो काय?

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि जुन्या कागदांत त्याचें नांव चांदा असें आहे) या प्रश्नापायीं पिढ्यान् पिढ्या लोकांनीं दंड भरले आहेत. तेथें कृत्य एकच आहे. रानांत जावें, कोयत्यानें बांबू तोडावा, मोळी बांधावी आणि डोक्यावर घेऊन घरीं यावें. दीडशें वर्षांत या कृत्यांत कांहींहि बदल झाला नाहीं. त्याचीं नांवें मात्र बदलत गेलीं. प्रथम तो रिवाज होता, मग ती चोरी झाली, मध्यंतरीं कांहीं दिवस त्याला सत्याग्रह म्हणत, आणि आज कांहीं गांवांत तो हक्क आहे. ज्या कृत्याचें नांव इतक्या वेळां बदलतें, त्याविषयीं नीतीनें काय म्हणावें?

आमच्या जुन्या शास्त्रकारांस हा प्रश्न अगदींच अपरिचित नव्हता. मनुस्मृतीचा आठवा अध्याय चोरीच्या शिक्षांनीं भरलेला आहे. त्या शिक्षा हातपाय तोडण्यापर्यंत जातात आणि वर्णपरत्वें कमीजास्त होतात, हें विसरतां कामा नये. दया हा त्या ग्रंथाचा विशेष आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तरीहि त्याच अध्यायांत असा निर्णय आहे कीं, वृक्षांचीं मुळें व फळें, अग्नीसाठीं लांकूड आणि गाईसाठीं गवत घेणें ही चोरी नव्हे. कौटिल्य याहून अधिक व्यवहारी. त्याच्या राज्यांत हत्तींचीं वनें निराळीं व लांकूड, बांबू, वेत पुरविणारीं वनें निराळीं आहेत, त्यांवर सरकारी अधिकारी आहेत, आणि राखीव वनांतला हत्ती मारणाऱ्यास देहदंड आहे. लांकडाचें वन तोडणाऱ्याकडून भरपाई व दंड घ्यावा असें तो सांगतो खरा. पण तेथेंच ‘संकटाचा प्रसंग सोडून’ असा अपवाद जोडतो. सरकारी खजिन्याची एवढी काळजी वाहणाऱ्या ग्रंथकारासहि चुलीची आठवण राहिली, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

चांद्याच्या गोंड राजांच्या काळीं अरण्य ही तुटवड्याची वस्तु नव्हतीच. जो रान तोडून जमीन लागवडीस आणील त्याला ती मिळेल, आणि जो तळें बांधील त्याला त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन मिळेल, असा पुकारा हीरशहा राजानें केला, अशी आख्यायिका आहे. ज्या कृत्यास पुढें कैद मिळावयाची होती, त्यालाच त्या वेळीं सनद मिळत होती. पुढें मालगुजारांच्या जंगलांतून सरपण, घराचें लांकूड, बांबू, गवत, मोहाचीं फुलें आणण्याचा जो सर्वसाधारण परिपाठ होता, त्याला या भागांत ‘निस्तार’ म्हणतात. मोठा अर्थवाही शब्द आहे हा. मालकी, सवलत, परवाना हे शब्द कचेरींतले. निस्तार हा चुलीपाशींचा. ज्यावांचून संसार निभत नाहीं तें, एवढाच त्याचा अर्थ.

१८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा होऊन चांदा हा इंग्रजांचा जिल्हा झाला. चार वर्षांनीं मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांनीं बंड केलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांस चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. २००९ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. राजद्रोहाच्या अपराधाचें असें पालटणें आपल्या ओळखीचें आहे. राज्य पालटलें कीं बंडखोराचा हुतात्मा होतो, आणि शाळेंतल्या मुलांनाहि तें समजतें. मला जें सांगावयाचें आहे तें याहून कमी ठळक आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. मोळीवाल्याला राज्य पालटल्यानें हुतात्मा होतां आलें नाहीं. १९४७ च्या आधीं तो चोर होता; नंतरहि चोरच राहिला.

त्याला चोर कसें करण्यांत आलें, ती हकीकत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तींत कोठेंहि तलवार नाहीं. १८७८ चा जंगलचा कायदा आणि त्याच्या जागीं आलेला १९२७ चा कायदा यांची रीत अशी: अमुक टापू राखीव करण्याचा आपला विचार आहे असें सरकारनें जाहीर करावें, एका अधिकाऱ्यानें आसपासच्या गांवांत स्थानिक भाषेंत जाहीरनामा लावावा, ज्यांचे कांहीं हक्क असतील त्यांनीं ठराविक मुदतींत, म्हणजे निदान तीन महिन्यांत, ते लेखी कळवावे किंवा समक्ष येऊन सांगावे, आणि ज्या हक्कांविषयीं कोणीं दावा केला नाहीं ते बहुधा नष्टच झाले असें समजावें. कागदावर पाहूं गेल्यास यांत अन्याय कोठें आहे? नोटीस आहे, मुदत आहे, चौकशी आहे, अपीलहि आहे. परंतु ज्या गांवांत घरोघर गोंडी किंवा माडिया बोलतात आणि अक्षर वाचणारा एकहि नाहीं, तेथें झाडाला लावलेला कागद आणि झाडाची साल यांत फरक तो काय? शिवाय हक्क हा ‘सांगावयाचा’ असतो हेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो काय सांगणार? श्वास घेण्याचा आपला हक्क तीन महिन्यांच्या आंत नोंदवावा, असा जाहीरनामा उद्यां निघाला, तर आपणां सुशिक्षितांपैकीं तरी किती जण कचेरींत जातील?

सरकारी अधिकाऱ्यांत सुद्धां याविषयीं एकमत नव्हतें. जंगलखात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस यांचा कल गांवकऱ्यांच्या जुन्या वहिवाटीस हक्क म्हणून मान देण्याकडे होता. बेडन-पॉवेल यांचें म्हणणें असें कीं, ज्या वहिवाटीस राजाची स्पष्ट देणगी नाहीं ती वहिवाट म्हणजे राजाची निव्वळ मेहेरबानी. ती केव्हांहि काढून घेतां येते. १८७८ च्या कायद्यांत या दुसऱ्या मताचा जय झाला. एका शब्दाच्या जागीं दुसरा शब्द आला, आणि ज्यांनीं हा वाद कधीं ऐकलाहि नव्हता अशा लाखों लोकांची नैतिक पायरी एका रात्रींत उतरली.

१९२७ च्या कायद्यांत याहूनहि विलक्षण असें एक कलम आहे. एखादा जंगली माल सरकारचा आहे कीं नाहीं असा प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच आहे असें धरून चालावें. आपल्यासारखा मनुष्य न्यायालयाची पायरी चढतो तेव्हां, अपराध शाबीत होईपर्यंत तो निर्दोष, हें कवच त्याच्या अंगावर असतें. मोळीवाली बाई वाटेवर अडविली जाते तेव्हां तिच्या डोक्यावरचें लांकूड तिचें आहे हें तिनेंच सिद्ध करावयाचें असतें. आणि लांकडावर तर कोणाचें नांव लिहिलेलें नसतें. पुढें आणखी एक सोय आहे. अपराधाचा वाजवी संशय असला म्हणजे खात्याचा अधिकारी पैसे घेऊन प्रकरण तेथल्या तेथें मिटवूं शकतो; मूळ कायद्यांत ही रक्कम पन्नास रुपयांपर्यंत होती. खटला झाला तर राखीव रानांतील अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही धास्ती डोक्यावर असतां रानांतल्या वाटेवरची तडजोड कोण नाकारील? पकडणारें, आरोप ठेवणारें आणि रक्कम ठरवून घेणारें खातें एकच. या तडजोडीच्या आडून किती कोंबड्या, किती मोहाचीं फुलें आणि किती दिवसांची वेठ नाकेदाराच्या दारीं गेली असेल, त्याचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत मिळावयाचा नाहीं.

पैशाच्या हानीपेक्षां मनाची हानी मोठी. व्हेरिअर एल्विन यांनीं शेजारच्या बस्तरमधील माडियांच्या खुनांच्या शंभर प्रकरणांचा अभ्यास करून १९४३ मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत दिसणारे कित्येक आरोपी आपलें कृत्य आडपडदा न ठेवतां कबूल करणारे आहेत. याच जंगलांत तोच मनुष्य मोळी मात्र झुडपांत लपवितो. खून हा अपराध आहे हें त्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. त्याचें स्वतःचें मन आणि त्याचे पंच तें सांगतात. मोळी हा अपराध आहे हें फक्त नाकेदार सांगतो. ज्या अपराधाला आंतून साक्ष मिळत नाहीं, तेथें शिक्षा माणसाला लपविण्याखेरीज दुसरें कांहीं शिकवूं शकत नाहीं. शिक्षेचा हेतु सुधारणा हा आहे असें आपण पुस्तकांत वाचतों. दारूपासून माणूस सुधारेल, जुगारापासून सुधारेल. चूल पेटविण्यापासून तो सुधारणार कसा? गांवचे पंच दंड करतात तेव्हां अपराधी तो भरतो, सर्वांना जेवूं घालतो, आणि त्या पंक्तींत पुन्हां गांवाचा होतो. येथें दंड भरून सुटलेला मनुष्य दुसऱ्याच सकाळीं त्याच रानांत जातो, कारण घरांत सरपण नाहीं.

हें आमच्याच देशाचें दुर्दैव आहे असेंहि नाहीं. इंग्लंडांत राजाच्या रानांतलें हरीण मारल्याबद्दल कोणाचा प्राण किंवा अवयव जाऊं नये, असें १२१७ च्या वनसनदेंत कबूल करून घ्यावें लागलें. पांचशें वर्षांनीं, १७२३ मध्यें, त्याच देशानें तोंड काळें करून हरणाची शिकार करणें किंवा लावलेलीं झाडें तोडणें यांसारख्या कृत्यांस फांशीची शिक्षा ठेवणारा कायदा केला आणि तो शंभर वर्षें चालविला. ऱ्हाइन नदीच्या कांठीं गरीब लोक रानांत पडलेल्या वाळक्या फांद्या वेंचीत. तीहि चोरीच ठरविण्याचा घाट तेथल्या कायदेमंडळांत घातला गेला. त्या वादावर १८४२ मध्यें लिहितांनाच आपण प्रथम अर्थशास्त्राच्या प्रश्नांकडे वळलों, असें कार्ल मार्क्सनें पुढें नमूद केलें आहे. त्याच्या इतर मतांशीं आपलें जुळो वा न जुळो, एवढा मोठा विचार वाळक्या काटक्यांच्या मोळीपासून सुरू झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सुशिक्षितांच्या दृष्टीस पडला तो १९३० सालीं. मध्यप्रांत-वऱ्हाडाला समुद्र नाहीं, म्हणून मिठाऐवजीं गवत. १० जुलै रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतलें गवत कापलें आणि जंगल सत्याग्रहास आरंभ झाला. कायद्याच्या नजरेनें पाहिलें तर वकिलानें कापलेला भारा आणि गोंडानें कापलेला भारा यांत कांहींच भेद नाहीं. लोकांच्या नजरेंत मात्र एक देशभक्त आणि दुसरा चोर. यावर कोणी उत्तर देईल कीं, सत्याग्रही उघड्यावर कायदा मोडतो आणि शिक्षा आनंदानें पत्करतो. दुसरा अंधारांत मोडतो आणि पळतो. हें उत्तर खोटें नाहीं, पण पुरेसेंहि नाहीं. ज्याच्या घरीं त्या भाऱ्याची वाट पाहिली जात नाहीं, त्याला उघडेपणा परवडतो. आणि सत्याग्रह्याचें म्हणणें तरी काय होतें? हा कायदाच अन्यायाचा आहे, हेंच ना? तें जर खरें असेल, तर तें दोघांनाहि सारखेंच लागू आहे. स्वराज्य आल्यावर आपण एकाचें म्हणणें इतिहासांत नोंदविलें, आणि दुसऱ्याला पकडण्यासाठीं कायदा तोच ठेवला.

येथवर वाचून कोणी सुज्ञ वाचक विचारील कीं, मग राखण नकोच काय? १९५५ मध्यें ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान झालें नसतें, आलापल्लीचा साग राखला गेला नसता, तर आज तेथें काय उरलें असतें? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. रात्रीं ट्रक भरून साग नेणारे आणि वाघासाठीं सांपळे लावणारे त्या रानांत आहेत, आणि त्यांच्यापुढें उभा राहणारा वनरक्षक हाहि बहुधा गरीबाचाच मुलगा असतो. मे २०२५ मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच वेळीं वाघाच्या हल्ल्यांत मेल्या. त्या दिवशीं कोणीं त्यांना रानांत जाऊं दिलें नसतें तर त्या वांचल्या असत्या. तेव्हां मनाई ही नेहमींच जुलूम असते असें म्हणणें भाबडेपणाचें होईल.

परंतु मनाई आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या जिल्ह्यांतील सर्व घोटाळा त्या दोहोंची गल्लत केल्यानें झाला आहे. ‘या ऋतूंत कोंब फुटतो, तोडूं नका’ ही मनाई. तिला कारण आहे, आणि तें कारण विचारतां येतें, पटवितां येतें, खोडतांहि येतें. ‘हें माझें आहे, हात लावूं नका’ ही मालकी. तिला कारण द्यावें लागत नाहीं. मनाई मोडणारा नियमभंग करतो. मालकी मोडणारा चोर ठरतो. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्याच मागणीवरून १९९३ मध्यें दारूबंदी झाली. चंद्रपुरांत ती २०१५ मध्यें आली आणि २०२१ मध्यें उठली. मधल्या बावीस वर्षांत वैनगंगेच्या पूर्वेस जो गुन्हा, तो पश्चिमेस परवान्याचा धंदा होता. ती बंदी शहाणपणाची होती कीं नाहीं यावर आजहि वाद चालतो. पण तो वाद कारणांचा आहे, आणि नदीच्या अलीकडे दारू बाळगणाऱ्याला चोर कोणीं म्हटलें नाहीं.

जंगलखात्यानें बांबूस हात लावूं दिला नाहीं तो राखणीसाठीं कीं मालकीसाठीं, याचें उत्तर बल्लारपूरनें दिलें. ज्या बांबूच्या एका मोळीसाठीं बुरडाला आणि गोंडाला अडविलें जात होतें, त्याच बांबूचीं रानें कागदाच्या गिरणीला वर्षांनुवर्षांच्या ठेक्यानें दिलीं गेलीं. बांबू राखावयाचा असता तर तो गिरणीपासूनहि राखावा लागला असता. तेव्हां प्रश्न तोडण्याचा नव्हता. कोणाला विचारून तोडावयाचा, एवढाच होता. आणखी गंमत अशी कीं, शास्त्राप्रमाणें बांबू हें एक गवत. १९२७ च्या कायद्यानें मात्र त्याची गणना ‘झाडांत’ केली. ही गणना २०१७ मध्यें कायदा दुरुस्त करून काढून टाकण्यांत आली. त्या दुरुस्तीचा मुख्य लाभ रानाबाहेर बांबू लावणारांस झाला, हें ओघानेंच आलें.

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवानें गिरणीच्या त्या ठेक्यास विरोध केला तो निस्ताराच्या आधारावर. मालगुजारी गेल्यावर तिचीं जंगलें सरकारजमा झालीं होतीं, निस्तार मात्र कागदोपत्रीं कायम होता. तोच कागद गांवानें पुढें केला. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती यांनीं हें काम कित्येक वर्षें चालविलें. गांवची रीत अशी कीं, ग्रामसभेंतला निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वांच्या संमतीनें होतो. ज्याला पटलें नाहीं त्याला पटेपर्यंत थांबावयाचें. आमच्या कायदेमंडळांना ही रीत परवडणार नाहीं हें उघड आहे, पण अशा रीतीनें झालेला नियम मोडणाऱ्याला ‘हा माझा नव्हे’ असें म्हणतां येत नाहीं, एवढें खरें.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेंतच, वनवासी लोकांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला अशी कबुली आहे. कायद्याच्या पुस्तकांत असे शब्द क्वचितच आढळतात. गौण वनोपजांत त्यानें बांबूचें नांव स्पष्ट घातलें. २००९ मध्यें मेंढ्याला सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गांवाचा झाला; पण तो गांवाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचें खात्यानें नाकारलें. म्हणजे वस्तु तुझी, परंतु विकतां येणार नाहीं. मालकीची अशी व्याख्या कोणत्याहि शास्त्रांत नसेल. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गांवांत आले आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं नियम दुरुस्त होऊन असे परवाने ग्रामसभेच्या समितीनें द्यावे असें ठरलें. आतां मेंढ्यांत कोणता बांबू केव्हां तोडावा हें गांव ठरवितें. मनाई तेथेंहि आहे. कित्येकदां ती खात्याच्या मनाईहून कडक असते.

परंतु कबुली दिल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो त्या कायद्यानें सोडविलेला नाहीं. अन्याय झाला, तर ज्यांच्यावर झाला ते कोण होते? ते केवळ ‘वनवासी समाज’ नव्हते. ते एकेक मनुष्य होते, आणि प्रत्येकावर एकेक प्रकरण झालें होतें. ज्यांना कैद झाली त्यांची कैद चुकीची होती असें कोणत्या न्यायालयानें म्हणावें? ज्यांनीं वाटेवर तडजोडीचे पैसे दिले त्यांनीं अपराध कबूल केला असें आजहि धरावयाचें काय? राज्य म्हणेल कीं, त्या वेळीं तोच कायदा होता आणि अधिकाऱ्यांनीं तो पाळला. व्यवहार म्हणून हें मान्य करावें लागेल. इतक्या जुन्या दंडांचे हिशेब उलगडणें कोणालाहि शक्य नाहीं. पण बाबुराव शेडमाक्यांच्या बाबतींत आपण असा व्यवहार पाहिला नाहीं. तेथें कायदा होता, न्यायालय होतें, शिक्षाहि रीतसर झाली होती, आणि तरी ती शिक्षा आपण अपराधाची मानीत नाहीं. परिक्षेत्राच्या कचेऱ्यांतून वनगुन्ह्यांचीं प्राथमिक अहवालांचीं बाडें असतात. त्यांत नांव, बापाचें नांव, गांव, माल एक मोळी, आणि वसूल रुपये, असें ओळीनें लिहिलेलें असतें, पुढें अंगठा. त्या नांवांसमोर ‘आरोपी’ हा शब्द अजून तसाच आहे.